उंबऱ्यावरचं मीठ

बोरगाव मेघेला मी घर बांधायला काढलं तेव्हा गवंडी म्हणाला, बाई, तुम्ही एकट्या. दोन सारख्या खोल्या काढण्यापेक्षा एकच मोठी काढू, हवा खेळती राहील. मी त्याला म्हटलं, तू ओळंबा नीट धर, खोल्यांचं मी पाहते. शाळेत बाईंना उलटून कोणी विचारत नाही, त्यामुळे बाहेर कोणी विचारलं की माझं डोकं लवकर तापतं. पण खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्या एकटीजवळ नव्हतं.

दुसरी खोली मैत्रिणीची होती. आम्ही दोघी रोहण्याच्या, एकाच वस्तीतल्या. वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा आम्ही फ्रॉकातल्या पोरी होतो, आणि पुढे वस्तीतल्या मॅट्रिक झालेल्या पहिल्या दोन मुलीही आम्हीच. मी मास्तरीण झाले, ती नर्स. तिचं लग्न जमून मोडलं, माझं जमलंच नाही, आणि दोघींच्या घरचे थकून गप्प बसले. वर्ध्याला एका खोलीत आम्ही काही वर्षं राहिलो. एक स्टोव्ह, दोन ताटं, आणि भांडणं पुष्कळ. सत्तरनंतर विलायतेत नर्सेस हव्यात असं निघालं आणि ती गेली. जाताना ठरलं होतं ते असं: चार वर्षं काढायची, परत यायचं, आणि मग दोघींनी एका घरात राहायचं. म्हातारपणी कोणा भावाच्या ओसरीवर पडून राहायचं नाही.

घर उभं राहिलं. दुसऱ्या खोलीत मी खाट टाकली, खिडकीला पडदा लावला, आणि तिची पत्रं येत राहिली. प्रत्येकात शेवटी असायचं, पुढच्या वर्षीचं पाहते. चार वर्षांची दहा झाली, दहाच्याही पुढे गेली. बसमध्ये, शाळेत, लग्नाकार्यात जो तो मला विचारायचा, काय म्हणते मैत्रीण, कधी येते? मी सांगायची, येईल, पुढच्या वर्षी. हे इतक्या वेळा सांगितलं की सांगताना मला काही वाटेनासं झालं.

तिला सरळ विचारायचं होतं, तू येणार आहेस की नाही. पण पत्रात लिहिलं की तो प्रश्न भांडण उकरून काढल्यासारखा दिसायचा, म्हणून मी तो लिहून फाडून टाकायची. समोरासमोर, चहा पिता पिता विचारला तर बरं, असं वाटायचं. मी तिकीट पाठवते, एकदा येऊन जा, असं तिने लिहिलं तेव्हा मी हो म्हटलं ते विलायत पाहायला नव्हे, तर तो एक प्रश्न विचारायला.

तिने बजावलं होतं की उन्हाळ्यात ये. पण पासपोर्ट हातात पडेपर्यंत दसरा उलटून गेला होता आणि मला आता दम निघत नव्हता. वर्ध्याचा मे महिना काढणाऱ्या बाईला थंडी काय करणार, असं हेडमास्तरांना ऐटीत सांगून मी बिनपगारी रजा घेतली.

तिचं गाव इंग्लंडच्या उत्तरेला होतं. एके काळी कापडाच्या गिरण्यांचं, आता बऱ्याच गिरण्यांना कुलपं. विटांची घरं एका रांगेत, एकमेकांना चिकटलेली, आणि दार उघडलं की थेट फुटपाथ. मध्ये अंगण नाही, ओसरी नाही, काही नाही. एक दगडी पायरी, ती संपली की सरकारी रस्ता. मला ते फारच चमत्कारिक वाटलं. माणसाने घरातून बाहेर पडताना मध्ये थोडं कुठंतरी उभं राहावं की नाही?

ती स्टेशनवर घ्यायला आली होती. जाड कोट, कापलेले केस, थोडी स्थूल झालेली. मी तिला आधी ओळखलंच नाही आणि तिने मला लगेच ओळखलं, कारण मी होते तशीच होते. घरी जाईपर्यंत ती हसत होती, मी रडत होते, आणि बसमधले लोक खिडकीबाहेर पाहत होते. त्या दिवशी आम्ही पुष्कळ बोललो. प्रश्न विचारायला पुष्कळ दिवस आहेत, आज नको, असं मी मनाशी म्हटलं.

पण तिला रात्रपाळी होती. संध्याकाळी ती गणवेश चढवून निघायची, सकाळी आठच्या सुमाराला परत यायची, दोन घास खायची आणि वर जाऊन झोपायची ती दुपार कलेपर्यंत. उठली की तास-दीड तास माझ्या वाट्याला. तेवढ्यात स्वयंपाक, तिची इस्त्री, तिचे फोन. मग पुन्हा कोट, पुन्हा दार. मी तिच्या घरी राहत होते, पण राहत होते एकटीच. फरक एवढाच की बोरगावला एकटी असताना मला भांडी आपटायची मुभा होती आणि इथं वर माणूस झोपलेलं असायचं. मी लाकडी जिन्यावरून चोरासारखी पाय दाबत चढायची.

पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या वस्तू पुसून काढल्या. दुसऱ्यात पुसलेल्या पुन्हा पुसल्या. मग बाहेर पडायला शिकले. कोपऱ्यावरून बस कुठली, कपडे धुवायच्या दुकानात यंत्रात किती कोंबायचे, टेकडीखालच्या गुजराती बाईच्या दुकानात बेसन कुठल्या फळीवर असतं. ती बाई माझ्याशी हिंदीत बोलायची आणि माझी हिंदी आपली वर्धेची. दुकानातून निघताना मी उगाच एखादी वस्तू विसरायची, म्हणजे परत जाता येई. रस्त्याने जाताना समोरून येणारा माणूस मान हलवून हवेबद्दल काहीतरी बोलायचा आणि मी यस यस म्हणायची. तेवढाच दिवसाचा संवाद.

दुपारी चारला अंधार पडायचा. आपल्याकडे दिवस मावळताना किती गलका असतो. गाई येतात, पोरं ओरडतात, कोणाच्या तरी घरी फोडणी पडते. तिथं दिवस काही न बोलता निघून जायचा. मी दिवा लावून बसायची आणि कधी कधी मोठ्याने बोलायची, आपली बोली कानावर पडावी म्हणून. कुकरची शिट्टी झाली की म्हणायची, हाव बाप्पा, आयकू आलं. एरवी शाळेत असं कोणी बोलताना दिसलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

तिच्या त्या तास-दीड तासात ती मला गावचंच विचारायची. वस्तीतल्या विहिरीला पाणी टिकतं का, बुद्धविहाराला नवं छत पडलं का, अमकीची पोर कुठं दिली, तमक्याचा बाप आहे का गेला. मी सांगायची आणि ती पाव चावत तल्लीन होऊन ऐकायची. मी मनात म्हणे, हिचा जीव तिकडेच आहे. आता विचारलं की हो म्हणणार. पण तेवढ्यात ती घड्याळ पाहून उठायची, आणि धावत्या माणसाला काय विचारायचं?

अशातच मला शेजारीण सापडली. आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी राहायची, एकटीच. एका सकाळी काचेतून पाहते तर ती गुडघ्याखाली पोतं घेऊन तिची पायरी घासत होती. घासली, पुसली, आणि मग पिशवीतून एक दगड काढून पायरीच्या कडेने तिने पांढरी शुभ्र रेघ ओढली. मी दार उघडून पाहतच राहिले. बाकी रस्त्यावर कोणी असं करत नव्हतं. जुनी चाल असावी आणि ती एकटीच ती धरून राहिली असावी. उंबरा रोज धुवायचा आणि त्यावर पांढरं काढायचं, हे करणारी बाई मला सातासमुद्रापलीकडे भेटली याचा मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे बादली भरून आणली.

त्या दिवसापासून मी सडा घालू लागले. शेण नव्हतं, अंगण नव्हतं, म्हणून पायरी आणि तिच्या पुढचा हातभर फुटपाथ. ओंजळीने पाणी शिंपडायचं, पायरी फडक्याने निपटून घ्यायची आणि कडेला खडूने चार ठिपक्यांची रांगोळी. खडू तर माझा रोजचा सोबती. मैत्रीण पाळीवरून यायच्या आत हे सगळं व्हायला हवं असा माझा नेम झाला. रात्रभर लोकांचं दुखणंखुपणं काढून घरी येणाऱ्या माणसाला स्वच्छ उंबरा दिसावा. तिने पहिल्या दिवशी पाहिलं, थबकली, आणि रांगोळी न तुडवता लांब पाऊल टाकून आत आली. त्या दिवशी ती झोपायला जरा उशिरा गेली.

म्हातारीचं आणि माझं ठरून गेलं. ती तिच्या पायरीवर, मी माझ्या. ती मॉर्निंग म्हणायची, मी गुड मॉर्निंग मॅडम. ती माझी रांगोळी पाहायला वाकायची, मी तिची रेघ. तिचं इंग्रजी मला समजत नसे आणि माझं तिला, पण हवा, पाठ आणि गुडघे यांबद्दल आम्ही पुरेसं बोलायचो. दिवसातली ती दहा-पंधरा मिनिटं सोडली तर मी कोणाच्या हिशेबात नव्हते.

डिसेंबरात एका संध्याकाळी, मैत्रीण कामावर निघून गेल्यावर, दारावर टकटक झाली. म्हातारी होती. हातात मिठाचा डबा. तिने आपल्या पायरीवर मूठभर मीठ फेकलं होतं, ते दिव्याच्या उजेडात दिसत होतं. आता ती माझ्या पायरीकडे बोट दाखवून, हात गोल फिरवून फिरवून मीठ टाकायची खूण करत होती, आणि डबा माझ्यापुढे धरत होती.

मला सगळं लख्ख कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. आमच्या वस्तीने धम्म घेतला तेव्हा माझ्या बापाने घरातल्या देवांचं बोचकं बांधून नदीत सोडलं होतं, आणि त्यानंतर आईने एकदा माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या तेव्हा त्याने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. नजर, करणी, उतारा यांना आमच्या घरात जागा नव्हती. शाळेत मी पोरींच्या गळ्यातले ताईत काढायला लावलेली बाई. आणि इथं विलायतेत, जिथं विज्ञान जन्मलं म्हणून आम्ही शिकवतो, तिथली म्हातारी माझ्या दारावरून मीठ उतरवायला निघाली होती. मला तिची दया आली. एकटं माणूस, वय झालेलं, कशाची तरी भीती वाटत असणार. मी तिचा हात हातात घेतला आणि वर्गात म्हणते तसं एकेक शब्द सुटा करून म्हटलं, मॅडम, वुई डोंट बिलीव्ह इन धिस.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटली, डबा काखेत मारला आणि गेली. मी दार लावलं आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. आपण कुठेही असलो तरी आपण आहोत तेच आहोत, असं काहीतरी.

सकाळी थंडी नेहमीपेक्षा कडक होती. मी शाल गुंडाळून सडा घातला. पाणी पायरीवर पडून चकाकत राहिलं, वाळलं नाही. पण तिथं काहीच वाळत नसे, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. खडू मात्र उमटेना. सारखा सटकत होता. मी म्हटलं राहू दे, आणि आत येऊन चहा ठेवला. काचेतून मैत्रीण कोपऱ्यावर दिसली. तिने हात केला, मी हात केला. मग तिने पायरीवर पाय ठेवला आणि दुसऱ्याच क्षणी ती मला दिसेनाशी झाली.

जन्मभर मी वर्धा जिल्ह्यात पाणी पाहिलं ते उडून जाणारं, आटणारं, कमी पडणारं. जमिनीवर सांडलेलं पाणी दगड होतं हे मी भूगोलाच्या तासाला शिकवलं होतं, पण माझ्या डोक्यात ते कधी शिरलं नव्हतं.

ती फुटपाथवर बसली होती, एक पाय वेडावाकडा. म्हातारी माझ्याआधी पोचली, घोंगडं घेऊन, आणि मिठाचा डबा घेऊन. मैत्रिणीने ओठ आवळून विचारलं, "पानी कोनं टाकलं वं इथं?"

"मी. सडा," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि एकदम हसायला लागली. घोटा मोडलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ही हसतेय. म्हातारीला वाटलं तिच्या डोक्याला मार लागला. मी मात्र रडत होते, आणि मीठ बर्फ होऊ देत नाही हे मला म्हातारीने पायरीवर मूठ मूठ टाकत दाखवलं तेव्हा तर पुरती गार झाले.

पायाला प्लास्टर बसलं आणि तिला दीड महिना घरी बसायला सांगितलं. आता कसं सांगू? मला वाईट वाटत होतं आणि मला फार आनंद होत होता, दोन्ही खरं आहे. ती घरी होती. दिवसभर, खुर्चीत, पाय उशीवर टाकून, माझ्यासमोर. मी तिच्या केसांना तेल लावलं. बेसनाच्या पातोड्या केल्या, गोळाभात केला, आणि ती ताट पुसून खायची. दिवसभर आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. तिच्या तोंडात ती बोली आधी जरा अडखळायची, मग सुटली ती सुटलीच. आम्ही वर्ध्याच्या खोलीतल्यासारख्या भांडलोसुद्धा, मीठ जास्त झालं यावरून, आणि मग मिठाचं नाव निघाल्यावर दोघींना हसू आवरेना.

मी रोज ठरवायची, आज विचारू. आणि रोज वाटायचं, चाललंय ते इतकं चांगलं चाललंय, उद्या विचारू.

मग तिची माणसं यायला लागली. दवाखान्यातल्या नर्सेस, एक उंच वॉर्डबॉय, रिटायर झालेली तिची जुनी मेट्रन. येताना केक आणत, फुलं आणत, आणि तिच्या प्लास्टरवर पेनाने सह्या करत. बैठकीत जागा पुरायची नाही. मी सगळ्यांसाठी चहा करायची. स्वयंपाकघरातून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. मैत्रीण काहीतरी सांगायची आणि सगळे खो खो हसायचे. पुन्हा सांगायची, पुन्हा हसायचे. सड्याचीच गोष्ट असणार, मला वाटलं, पण तेवढीच नव्हती. एकामागून एक ती सांगत होती, नकला करत होती, आणि उंच वॉर्डबॉय भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

मी किटली धरून उभी राहिले. लहानपणापासून आमच्या दोघींत बोलकी मी होते. ती मुकाट्याने मागे उभी राहणारी. शाळेत उत्तर तिला यायचं आणि सांगायची मी. रोहण्यात, वर्ध्यात, तिच्या तोंडून चारचौघांत हसू फुटेल असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. ही बाई कोण, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि तिच्याच घरात, तिच्या चुलीपुढे उभी असताना, मला पहिल्या आठवड्यात वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं. तेव्हा निदान ती झोपलेली होती.

चहा घेऊन गेले तर सगळ्यांनी मला जागा करून दिली, माझ्या साडीचं कौतुक केलं. मी बसले. मला काय बोलावं ते सुचेना. बोलकी मी.

ते गेल्यावर मी कप गोळा करत होते. बाहेर अजून उजेड होता. ती म्हणाली, जरा बस ना, कवाची उभी आहेस. मी बसले, आणि इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न हातात कपबशी असताना माझ्या तोंडून निघून गेला. तू येणार आहेस का परत, असं मी तिला विचारलं. घर बांधून ठेवलं, खोली ठेवली, लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, एकदाचं काय ते सांग.

तिने मान खाली घातली नाही, घड्याळही पाहिलं नाही. वर बोट दाखवलं. मी ज्या खोलीत झोपत होते ती खोली. म्हणाली, आधी ती दवाखान्याच्या क्वार्टरात राहायची, एका खोलीत, मजेत. हे घर तिने घेतलं ते वरती दुसरी खोली होती म्हणून. माझ्यासाठी. मला कसं सांगावं ते तिलाही कळत नव्हतं, म्हणून तिने तिकीट पाठवलं.

"तूच काऊन नाई राहून जात इथं?" ती म्हणाली.

"मले नाई जमनार," मी म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. "माह्या शाळेतल्या पोरीयचं कोन पाहीन?"

"दुसरी बाई येईन ना वं."

"मंग तुह्या दवाखान्यात बी दुसरी नर्स येईन."

"हाव," ती म्हणाली. "येईन."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. मी तिला बारा वर्षं मनातल्या मनात जे म्हणत होते, स्वार्थी, विसरभोळी, विलायतेला भुललेली, ते सगळं मला एका वाक्यात लागू झालं होतं. तिने मला तिथं बोलावलं तर नाही म्हणायला मी क्षणभरही थांबले नाही. मग तिने तरी कशासाठी परत यावं? दोघींनी एकमेकींसाठी एकेक खोली रिकामी ठेवली होती आणि दोघींपैकी एकीलाही स्वतःची खोली सोडायची नव्हती. यात कोणाचं चुकलं म्हणावं? कोणाचं चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी कप धुतले. ती खुर्चीतून म्हणाली, रातच्याले खिचडी कर, जड नको. मी खिचडी केली.

उरलेले दिवस चांगले गेले, हे सांगितलं पाहिजे. विचारायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल. तिचं प्लास्टर निघालं, मी तिला काठी धरून रस्त्याच्या टोकापर्यंत चालवायची. म्हातारीकडे जाऊन आम्ही चहा घेतला. मी सकाळी सडा घालायचा बंद केला आणि म्हातारीने बजावल्याप्रमाणे मीठ टाकू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या दोघी इथं वर्षानुवर्षं राहतायत. पण आत मला काहीतरी संपल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय हे कळायला थोडा वेळ लागला. वाट पाहणं संपलं होतं. मी बोरगावला एकटी राहत होते असं लोक म्हणत, पण मी कधी एकटी राहिलेच नव्हते. ती येणार होती ना. तिची वाट पाहणं हीच माझी सोबत होती. ती सोबत मी त्या बैठकीत सोडून निघाले होते, आणि आता जे घर माझी वाट पाहत होतं तिथं खऱ्या अर्थाने एकटं राहायचं होतं. त्याचं मला भय वाटत होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

निघायच्या दिवशी ती काठी टेकत स्टेशनवर आली. गाडीला वेळ होता. फलाटावर वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी कशाचं हे विचारायची गरज नव्हती. तिने माझा मफलर नीट केला, डब्यात दशम्या आहेत हे दोनदा सांगितलं. गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, ती काचेजवळ आली. मी वरची फट उघडली.

"येजो," ती म्हणाली.

येजो, म्हणजे पुन्हा ये, हा शब्द आपल्याकडे कोण कोणाला म्हणतं? दारात उभा असलेला घरचा माणूस, निघालेल्या पाहुण्याला. बारा वर्षं मला वाटत होतं की ती परगावी नोकरीला गेलेली आहे, घर इकडे आहे. आणि ती तिच्या गावच्या फलाटावर उभी राहून मला निरोप देत होती, जसा कोणीही आपल्या घरून देतो. तिला ते कळलंही नसेल.

गाडी हलली. तिला पायामुळे गाडीबरोबर चालता येईना, तशी ती जागेवरच थांबली. मी फटीला तोंड लावून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हटलं, "तू बी येजो."